हॉरर लघुपटाची पहिली अडीच मिनिटं: स्टोरीबोर्ड ते शूटिंग

आमच्या लघुपटाची सुरुवात मार्चअखेरीस एकदाची शूट झाली. पूर्ण लघुपट व्हायला वेळ आहे, पण पहिली अडीच मिनिटं हातात आली आहेत आणि कागदावर ठरली होती त्यांच्या बऱ्यापैकी जवळ आहेत. स्टोरीबोर्ड, म्हणजे शूटिंगआधी प्रत्येक शॉट कसा दिसेल ते दाखवणारी चित्रांची मालिका, करायला घेतला तेव्हा जे काही वाचायला मिळालं त्यात एक तर चौकटी कशा आखायच्या एवढंच होतं, नाही तर मोठ्या स्टुडिओंच्या चित्रकारांनी काढलेली देखणी पानं. ज्याला चित्र काढता येत नाही, ज्याच्याकडे मोजकी माणसं आहेत आणि ज्याची जागा दुसऱ्याच्या मालकीची आहे, त्याने सुरुवात कुठून करायची हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून क्रमाने सगळं लिहून ठेवतेय.

प्रसंग थोडक्यात असा: एका मोठ्या ग्रंथालयाचं तळघर, रात्रीची वेळ, वाचक घरी गेलेले. एक कर्मचारी परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर घेऊन रॅकच्या रांगांमध्ये जागच्या जागी लावतेय. शेजारच्या रांगेत कुणीतरी आहे. मग शीर्षक.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हा भाग लिहून झाला. दीड पान. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशोब सगळे धरतात. भयपटात तो जुळत नाही. ‘ती थांबते, कान देते’ हे चार शब्द कागदावर अर्धी ओळही घेत नाहीत आणि पडद्यावर दहा सेकंद खातात. त्यामुळे पानं मोजून किती शॉट लागतील याचा अंदाज बांधू नका.

कॅमेरा करणारा मित्र म्हणाला, “अगं, सरळ शॉट डिव्हिजन करून टाक, चित्रं काय नंतर होतील.” म्हणजे प्रसंगाचे शॉट पाडून त्यांची यादी. मी त्याचं अर्धंच ऐकलं. शॉट पाडण्याआधी एका कोऱ्या पानावर प्रसंगातली प्रत्येक घडामोड एकेका ओळीत लिहिली आणि शेजारी दोन रकाने केले: या क्षणी प्रेक्षकाला काय माहीत आहे, आणि तिला काय माहीत आहे. एवढंच. पण कॅमेरा कुठे ठेवायचा याची निम्मी उत्तरं या दोन रकान्यांनी दिली. जिथे प्रेक्षक तिच्या पुढे आहे तिथे कॅमेऱ्याने तिला न दिसणारं काहीतरी दाखवायला हवं, म्हणजे तो तिच्या पाठीमागे किंवा पलीकडच्या रांगेत जायला हवा. जिथे दोघांना सारखंच माहीत आहे तिथे तिच्या खांद्याशी, तिच्या नजरेतून. आणि जिथे तिला आधी कळतं तिथे आधी तिचा चेहरा, वस्तू नंतर किंवा नाहीच. मला या सगळ्या कामातलं एकच पान जपून ठेवायला सांगितलं तर मी हे ठेवेन, चित्रांचं नाही.

मग चित्रं. चिकटचिठ्ठ्या घेतल्या, वहीत काढलं नाही. वहीत काढलेल्या चौकटीवर जीव जडतो, चिठ्ठी उचलून फेकता येते, दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करता येते. माझ्या चित्रातल्या माणसांना बोटं नसतात. डोकं म्हणजे एक गोल, आणि ती कुठे बघतेय हे कळायला नाकाच्या जागी एक छोटा त्रिकोण. एवढा त्रिकोण असला की नजरेची दिशा समजते, आणि स्टोरीबोर्डमध्ये चेहऱ्यापेक्षा ती दिशाच जास्त उपयोगाची असते. छटा तीनच ठेवल्या: कागदाचा पांढरा, पेन्सिलीचा करडा आणि मार्करचा काळा. भयपटाच्या बोर्डात काळा मार्कर लवकर संपतो, दोन आणून ठेवा.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा: ज्या आकाराची चौकट पडद्यावर असणार त्याच प्रमाणात कागदावर आखा. पुठ्ठ्यात खिडकी कापून घेतली की प्रत्येक वेळी मोजत बसावं लागत नाही. 12 सेंटीमीटर रुंद खिडकीची उंची 16:9 साठी पावणेसात सेंटीमीटर येते आणि 2.39:1 साठी जेमतेम पाच. आमचा यावर बराच खल झाला. रॅक उंच, रांगा अरुंद, तेव्हा उंच चौकट बरी असं कॅमेरावाल्याचं म्हणणं. मला रुंद हवी होती. अरुंद रांगेत उभ्या माणसाला रुंद चौकटीत घेतलं की दोन्ही बाजूंना रॅकच्या काळ्या कडा उरतात आणि प्रेक्षकाचे डोळे तिथे चाचपडत राहतात. दोन्ही खिडक्यांतून तीच चार चित्रं काढून भिंतीवर लावली आणि रुंद चौकट ठरली. तोंडी वाद घालत बसलो असतो तर अजून तेच चाललं असतं.

सगळं एकाच शॉटमध्ये घ्यायचं, हा मोहही झाला. जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोविन’ची (1978) सुरुवात खुन्याच्या नजरेतून, कित्येक मिनिटं अखंड भासणारी आहे, आणि हॉरर करणाऱ्या कुणालाही ती एकदा तरी खुणावतेच. अखंड शॉटचा बोर्ड करता येतो. जागेचा नकाशा काढून त्यावर कॅमेऱ्याची वाट दाखवायची आणि वाटेवर जिथे चौकट बदलते तेवढ्याच ठिकाणांची चित्रं काढायची. मी तसा करून पाहिला. पण आमच्या गोष्टीत प्रेक्षकाला एका रांगेतून दुसऱ्या रांगेत क्षणात न्यायचं होतं, आणि चालत नेलं की मधल्या वेळात धाक विरून जात होता. तो बेत सोडला.

जानेवारीच्या शेवटी रेकीला, म्हणजे शूटिंगची जागा आधी पाहून घ्यायला, गेलो. ग्रंथालयाने तळघर बघायला आडवारी दुपारी वेळ दिला होता. मोजपट्टी, वही आणि फोन घेऊन गेलो. दोन रॅकमधली वाट जेमतेम 90 सेंटीमीटर. ट्रायपॉड पूर्ण पसरला की माणूस जाणार नाही, हे तिथेच कळलं. घरी येऊन 1:50 प्रमाणात नकाशा काढला, म्हणजे कागदावरचे दोन सेंटीमीटर बरोबर एक मीटर. मग कॅमेरावाल्याने एक युक्ती सांगितली जी मी आता प्रत्येकाला सांगत सुटलेय. लेन्स जेवढा कोन बघते तेवढ्या कोनाचा त्रिकोण ट्रेसिंग पेपरमधून कापायचा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर आडवा कोन 24 मिलिमीटर लेन्ससाठी साधारण 74 अंश, 35 साठी 54 आणि 50 साठी 40. त्रिकोणाचं टोक नकाशावर कॅमेऱ्याच्या जागी ठेवायचं. त्रिकोणात येतं ते चौकटीत येणार, बाहेर राहतं ते नाही. माझ्या चिठ्ठ्यांवरची कितीतरी चित्रं त्या जागेत कुठल्याच लेन्सने घेता आली नसती, कारण कॅमेरा भिंतीच्या आत ठेवावा लागला असता. ती तिथल्या तिथे गेली.

रेकीतच आणखी एक गोष्ट दिसली. तळघरातले दिवे सेन्सरवर होते. रांगेत शिरलं की डोक्यावरचा दिवा लागतो, थोडा वेळ हालचाल नसेल तर आपोआप विझतो. तिथल्या देखभालीच्या काकांनी सांगितलं की हा सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो, नुसत्या पडलेल्या पुस्तकाने दिवा लागत नाही. मी ते वहीत टिपलं. तेव्हा ते फक्त अडचण म्हणून टिपलं होतं: शॉट चालू असताना दिवा विझला तर काय करायचं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्ज केला. छापील अर्ज दोन पानी, सोबतच्या कागदांचं मात्र बाड झालं: पटकथेचा तो भाग, येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र, उपकरणांची यादी, काही नुकसान झालं तर आम्ही भरू असं हमीपत्र, आणि चित्रीकरणात कुणाला इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्याची प्रत. ‘दृश्याचे स्वरूप’ या रकान्यासाठी दोन ओळींची जागा होती. ‘भयपट’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आग, रक्त आणि किंकाळ्या येणार, म्हणून ‘सोबत चित्रे जोडली आहेत’ असं लिहिलं आणि स्टोरीबोर्ड जोडला. ‘एलियन’च्या (1979) वेळी रिडली स्कॉटने स्वतः काढलेले बोर्ड पाहून स्टुडिओने बजेट 42 लाख डॉलरवरून दुप्पट केलं, ही गोष्ट सिनेमावाले फार रंगवून सांगतात. आमच्याकडे दुप्पट करायला काही नव्हतं. पण ज्याने आयुष्यात शूटिंग पाहिलेलं नाही अशा अधिकाऱ्याला आम्ही नेमकं काय करणार हे चित्रांमुळे कळलं, आणि प्रश्नही नेमके आले. गाडी जिन्यावरून खाली आणणार का? हा दिवा तुमचा की आमचा? ही बाई रॅकवर चढतेय का? (चढत नव्हती, माझं चित्रच तसं होतं.)

अर्ज एकदा परत आला. उपकरणांच्या यादीत प्रत्येकापुढे किती वॅट ते हवं होतं, आणि ओळखपत्रांची संख्या अर्जातल्या माणसांच्या संख्येशी जुळत नव्हती, कारण मधल्या काळात साउंडवाल्याने मदतनीस ठरवला होता. दोन्ही गोष्टी दुरुस्त करून पुन्हा दिला. मग शांतता. साधारण तीन आठवडे काहीच कळलं नाही. या काळात चिडचिड होते, फोन करावासा वाटतो. आठवड्यातून एक फोन, तोही अर्जाचा आवक क्रमांक हातात घेऊन, यापेक्षा जास्त करू नये. क्रमांक सांगितला की समोरचा माणूस फाइल शोधतो, नाव सांगितलं की चौकशी करून सांगतो म्हणतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस परवानगीचं पत्र आलं, अटींसकट. धुराचं मशीन नाही, कारण धुराची सूचना देणारी यंत्रणा बंद करता येणार नव्हती. रॅकला चिकटपट्टी लावायची नाही. बाहेर जाण्याच्या मार्गावर सामान नाही आणि त्यावरचे हिरवे दिवे झाकायचे नाहीत. इमारतीच्या वायरिंगला हात नाही. वाचकांच्या नोंदी कॅमेऱ्यात येता कामा नयेत. आणि रॅकवरची पुस्तकं जागची हलवायची नाहीत.

शेवटच्या अटीने आमचा प्रसंगच काढून घेतला. बोर्डात पलीकडच्या बाजूने एकेक पुस्तक अलगद पुढे सरकत होतं, शेवटचं पुस्तक पडायचं आणि त्या फटीत चेहरा दिसायचा. त्या चिठ्ठ्या भिंतीवरून काढल्या तेव्हा मधोमध मोठी रिकामी जागा राहिली. कॅमेरावाल्याने तिथे फक्त ‘दिवा?’ लिहिलेली चिठ्ठी लावली. त्यानंतरची संध्याकाळ या सगळ्या कामातली सगळ्यात मजेची होती.

सेन्सरचा नियम साधा आहे. काहीतरी ऊबदार हललं की दिवा लागतो, हालचाल थांबली की विझतो. हा नियम प्रेक्षकाला कळला तर भूत दाखवायची गरजच नाही. रिकाम्या रांगेत दिवा लागला, म्हणजे तिथे काहीतरी हललं. शेजारच्या रांगेत लागला, म्हणजे ते जवळ आलं. ती भीतीने स्तब्ध उभी राहिली की तिच्या डोक्यावरचा दिवा विझणार, आणि जरा हलली की लागून तिची जागा दाखवणार. आणि शेवट? शेजारच्या रांगेतला दिवाही विझतो. म्हणजे ते निघून गेलेलं नाही. तेही स्तब्ध उभं आहे. इथे शीर्षक.

पण हे सगळं नियम आधी शिकवला तरच चालतं. म्हणून सुरुवातीच्या चौकटी साफ बदलल्या. आता पहिली तीस-पस्तीस सेकंदं भीतीचं काहीच नाही. ती गाडी ढकलत चालतेय, पुढचा दिवा लागतो, मागचा विझतो, ती एका पुस्तकाचा पाठमजकूर वाचत रेंगाळते तर तिचाच दिवा विझतो, ती सवयीने हात हलवते, दिवा लागतो. प्रेक्षक हसला तरी हरकत नाही. भयपटाची सुरुवात म्हटलं की पहिल्या सेकंदाला दचकवायची ओढ असते. पण माझं म्हणणं आता असं झालंय की सुरुवातीचा निम्मा वेळ प्रेक्षकाला खेळाचे नियम सांगण्यात गेला पाहिजे, आणि ते शब्दांत सांगता कामा नये. दोन रकान्यांच्या पानावर मी एक तिसरा रकाना वाढवला: प्रेक्षक इथे काय शिकला.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पक्का बोर्ड काढला. यात काही ठरवाठरव लागते. माणसाच्या हालचालीचा बाण चौकटीच्या आत, कॅमेऱ्याच्या हालचालीचा बाण चौकटीच्या बाहेर, आणि दोन्हींचे रंग वेगळे. कॅमेरा पुढे सरकणार असेल तर चौकटीत लहान चौकट काढून कोपऱ्यांतून आत बाण. शॉटला दृश्याचा आकडा आणि इंग्रजी अक्षर देण्याची पद्धत आहे, त्यात ‘आय’ आणि ‘ओ’ गाळतात, कारण शॉटआधी कॅमेऱ्यासमोर धरतात त्या पाटीवर ती 1 आणि 0 सारखी दिसतात. क्षुल्लक वाटतं, पण एडिटिंगला बसलात की दुवा द्याल.

दिशेचा विचार मात्र क्षुल्लक नाही. ती आणि शेजारच्या रांगेतलं ‘ते’ यांना जोडणारी एक रेषा नकाशावर मारली आणि कॅमेरा कायम त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवला, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये धोका पडद्याच्या डावीकडेच राहतो. एरवी हा अ‍ॅक्सिसचा नियम गोंधळ टाळायला पाळतात. इथे त्याचा आणखी एक उपयोग झाला. डावीकडची सवय एकदा लागली की उजवीकडचा अंधार सुरक्षित वाटायला लागतो. पुढच्या दृश्यात आम्ही त्याचा फायदा घेणार आहोत, यापेक्षा जास्त सांगत नाही.

प्रत्येक चौकटीखाली तीन ओळी ठेवल्या: काय घडतं, काय ऐकू येतं, किती सेकंद. आवाजाची ओळ कधीच रिकामी सोडायची नाही असं ठरवलं. शांतता असेल तर कसली शांतता? हवा खेळवणाऱ्या यंत्राची घरघर चालू असलेली, की तीही बंद पडलेली? गाडीचं एक चाक कुरकुरतं आणि ती थांबली की ते थांबतं, हे चित्रात कुठेच दिसत नाही, पण पूर्ण प्रसंगाचा ताल त्यावर चालतो. साउंडवाल्याने बोर्ड हातात घेतला तेव्हा चित्रांकडे बघितलंही नाही, सगळ्या दुसऱ्या ओळी वाचत गेला.

शेवटच्या चौकटीत चित्र असं नाहीच. पूर्ण काळा आयत आणि खाली ‘9 सेकंद’. बदललेला बोर्ड परवानगीच्या फाइलला जोडायला गेले तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी तेच पान वर काढलं. “हे झेरॉक्स बिघडलंय का?” नाही म्हटल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

स्टोरीबोर्ड एका बाबतीत फसवतो, आणि हॉररमध्ये ते फार महागात पडतं. सगळ्या चौकटी एकाच आकाराच्या असतात, त्यामुळे सगळ्यांना सारखाच वेळ आहे असं वाटत राहतं. खाली सेकंद लिहिले तरी डोळा ते वाचत नाही. म्हणून अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे चौकटींना वेळ आणि आवाज देऊन केलेला कच्चा व्हिडिओ, कराच. चौकटींचे फोनवर सरळ वरून फोटो काढले, एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत ओळीने लावले, प्रत्येकाला वेळ दिला आणि खाली तात्पुरता आवाज टाकला. गाडीच्या चाकासाठी एक जुनी खुर्ची फिरवली. थेट कॉम्प्युटरवर चित्रं काढायची असतील तर ‘स्टोरीबोर्डर’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात वेळही तिथेच देता येतो. मला कागद बरा वाटला.

रिकाम्या रांगेचा शॉट मी चार सेकंदांचा धरला होता. अ‍ॅनिमॅटिकमध्ये चार सेकंदांत नजर चौकटभर फिरून व्हायच्या आत कट येत होता. सात केला. नऊ केला. नऊला असं झालं की आधी कंटाळा येतो, मग संशय येतो. आणि संशय आल्यावर लगेच कट. उलट तिच्या चेहऱ्याचे क्लोज मी भरपूर काढले होते, ते बहुतेक गेले. चेहऱ्यावर भीती दिसली की प्रेक्षक तिची भीती बघतो, स्वतः घाबरत नाही. निदान या प्रसंगात तरी. दचकवणारा एक मोठा आवाज होता, तोही गेला, कारण तो आला की साचलेला ताण मोकळा होतो आणि शीर्षकानंतरच्या दृश्याला पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागते. दीड पानाची पटकथा या सगळ्यानंतर 2 मिनिटं 35 सेकंदांवर येऊन थांबली.

ओळखीच्या काही जणांना एकेकटं बसवून अ‍ॅनिमॅटिक दाखवला. काड्यांच्या माणसांचा सिनेमा बघून कोण घाबरणार, त्यामुळे ‘भीती वाटली का’ हा प्रश्न व्यर्थ. मी विचारलं: या क्षणी चौकटीत कुठे बघत होता? आणि तो दिवा का लागला असं वाटलं? दुसऱ्या प्रश्नाला एकाने ‘वायरिंग खराब असेल’ असं उत्तर दिलं. म्हणजे नियम पुरता शिकवला गेलेला नव्हता. तिने हात हलवून दिवा लावण्याची चौकट आणखी एकदा, जरा लांबून आणली. पुढच्या बघणाऱ्याने मी विचारायच्या आत सांगितलं, “कुणीतरी हललं तिथे.”

शूटिंगच्या तयारीत बोर्डाचा क्रम मोडावा लागतो. ज्या शॉटना कॅमेरा आणि दिवे एकाच जागी लागतात ते एकत्र घ्यायचे, मग गोष्टीत ते कुठेही असोत. चौकटींच्या प्रती काढून कापल्या आणि घेण्याच्या क्रमाने एका लांब कागदावर चिकटवल्या. ज्यांच्याशिवाय एडिट उभंच राहणार नाही त्यांच्यावर लाल खूण. ग्रंथालय बंद झाल्यापासून मध्यरात्रीपर्यंतचाच वेळ होता, तेव्हा काही शॉट राहणार हे गृहीत धरलं होतं. कुठले राहिले तरी चालतील ते आधी ठरलं की रात्री साडेदहाला डोकं चालवावं लागत नाही.

वायरिंगला हात लावायचा नव्हता, म्हणून खरे सेन्सर वापरलेच नाहीत. ग्रंथालयाच्याच माणसाने तळघरातले दिवे मेन स्विचवरून बंद करून दिले आणि आम्ही बॅटरीवर चालणाऱ्या एलईडी ट्यूब रॅकच्या वर, पट्टी न लावता, आमच्याच स्टँडवर धरून फोनवरून लावल्या-विझवल्या. बाहेर जाण्याचे हिरवे दिवे मात्र चालूच होते. ते कुठल्या शॉटमध्ये येतील हे ट्रेसिंग पेपरच्या त्रिकोणांनी आधीच सांगितलं होतं. दोन शॉटमध्ये ते मुद्दाम राहू दिले, आणि शेवटच्या काळ्या चौकटीसाठी कॅमेरा पाठ फिरवून उभा केला. असे दिवे चौकटीत येणार असतील तर थरथर दिसते का ते आधी तपासा. विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असेल तिथे शटर 1/50 सेकंदावर ठेवलं की बहुतेक वेळा सुटका होते.

मार्चचा शेवटचा शनिवार. पहिला शॉट लागायला ठरल्यापेक्षा बराच उशीर झाला, कारण लिफ्ट बंद होती आणि गाडी जिन्यावरून आणता येणार नव्हती (पत्रात तसं लिहिलं होतं). लिफ्ट चालू होईपर्यंत आम्ही गाडी नसलेल्या चौकटी शोधून त्या आधी घेतल्या. कागदावर सगळं कापून चिकटवलेलं असल्यामुळे हा बदल उभ्या उभ्या झाला. काम करणारी मैत्रीण बोर्ड बघायला तयार नव्हती. “मला फक्त सांग मी कुठवर चालायचं आणि डावीकडे कधी बघायचं,” एवढंच. तेही बरोबरच आहे. काही नटांना चौकट बघून बांधल्यासारखं होतं, विचारून घ्यावं.

लाल खुणेचे सगळे शॉट झाले. बिनखुणेचे तीन राहिले, त्यांतल्या एकाचीच नंतर आठवण आली. निघण्याआधी साउंडवाल्याने सगळ्यांना मिनिटभर गप्प उभं करून रिकाम्या तळघराचा आवाज रेकॉर्ड केला. हे विसरू नका. काळ्या चौकटीची नऊ सेकंदं त्या आवाजावरच उभी आहेत.

खर्चाचं विचाराल तर कागद आणि मार्कर यांचा खर्च नगण्य. सगळ्यात जास्त पैसे विम्यात आणि एलईडी ट्यूबच्या भाड्यात गेले, त्याखालोखाल रात्री थांबलेल्या ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांच्या जादा वेळाचे. कॅमेऱ्याचं भाडं एका दिवसात भागलं, आणि ते निव्वळ बोर्डामुळे. अनामत रक्कम वेगळी भरावी लागली. ती परत मिळण्यासाठी जागा सोडताना पाहणीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात, त्याचा फोटो काढून ठेवा. रॅकवर आधीपासून असलेल्या ओरखड्यांचेही आत शिरताना फोटो काढा. आमची अनामत एप्रिलच्या शेवटी जमा झाली.

एडिटमध्ये रिकाम्या रांगेचा शॉट नऊ सेकंदांचा आठ झाला, कारण खऱ्या जागेत नजरेला बघायला काड्यांच्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि संशय लवकर येतो. बाकी लांबी अ‍ॅनिमॅटिकच्या पाच सेकंद इकडेतिकडे. आता दुसऱ्या दृश्याचा बोर्ड भिंतीवर चढलाय, जागा तीच आहे, आणि नव्या अर्जात प्रत्येक दिव्यापुढे वॅट लिहून साउंडवाल्याच्या मदतनिसाचं ओळखपत्र सुरुवातीलाच जोडलंय.